कण्हेरगड, पाच पोफळं आणि पळीभर तेल

चाळीसगावचा माणूस पुण्यात कुणाला भेटला की पहिला प्रश्न ठरलेला. "तिकडे बघण्यासारखं काय आहे हो?" आणि आमचं उत्तरही ठरलेलं. "ऊन."

लोक हसतात, आपणही हसतो, विषय संपतो. नोकरीची इतकी वर्षं मीही हेच उत्तर देत आलो. ऑफिसच्या ग्रुपबरोबर राजमाची झाला, तोरणा झाला, हरिश्चंद्रगड दोनदा झाला. पण स्वतःच्या तालुक्यातला कण्हेरगड मात्र पस्तिशी उलटेपर्यंत राहून गेला. तो यंदा पावसाळ्याच्या शेवटी झाला, आणि तोही नानांमुळे. नाना म्हणजे माझे वडील. तालुक्याच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून रिटायर झाले. फोनवर म्हणाले, "एकदा पाटणादेवीला जाऊन येऊ. गुडघे आहेत तोवर."

आता यावर "बघू, रिलीज आहे" असं कोण म्हणेल? (खरं सांगायचं तर आधी दोनदा म्हटलं होतं.)

शुक्रवारी रात्री निघालो. छत्रपती संभाजीनगर, मग कन्नड, आणि मग घाट. कन्नडचा हा घाट उतरला की खानदेश सुरू. ब्रिटिश काळात याला औट्रम घाट नाव पडलं. १८२५ पासून खानदेशात भिल्ल पलटण उभी करणारा जेम्स औट्रम तो हाच. लहानपणी एसटीतून हा घाट चढायचा म्हणजे 'वर' जायचं, मोठ्या गावाला, आणि उतरायचा म्हणजे घरी यायचं. एवढाच त्याचा अर्थ मला माहीत होता. ही डोंगराची भिंत लक्षात असू द्या, पुढे ती पुन्हा येणार आहे.

पाटणादेवी चाळीसगावपासून साधारण अठरा किलोमीटर. गौताळा औट्रमघाट अभयारण्याचा हा उत्तरेकडचा पायथा. तिन्ही बाजूंनी डोंगर, मधे दाट झाडी आणि त्यात चंडिकादेवीचं देऊळ. आमच्याकडे जावळं, नवस, लग्नानंतरचं दर्शन, सगळं इथेच. मी किमान वीस वेळा तरी इथे जेवलो असेन. शिलालेख मात्र एकदाही पाहिला नव्हता. म्हणजे दगडाकडे नजर गेली असेल, पण जुनी अक्षरं म्हणजे काहीतरी देवाचं असणार, असं समजून पुढे गेलो असणार. जेवण थांबलेलं असायचं ना!

देवळाच्या जवळच, जंगलात, महादेवाचं जुनं दगडी मंदिर आहे. सगळे त्याला हेमाडपंती म्हणतात. त्यातला निकुंभ राजांचा शिलालेख शके १०७५, म्हणजे इ.स. ११५३ चा आहे. हेमाडपंत देवगिरीच्या दरबारात आला तो याच्यानंतर शंभरेक वर्षांनी. तेव्हा हेमाडपंतांच्या आधीचं हेमाडपंती देऊळ! असो.

आता मुख्य गोष्ट. आज जिथे जंगल आहे तिथे बाराव्या शतकात पाटण नावाचं भरलेलं गाव होतं. देवगिरीच्या यादवांचे मांडलिक असलेले निकुंभ इथून राज्य करायचे. देवीच्या देवळातला तो शिलालेख मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाडांनी १८६५ साली अभ्यासकांसमोर आणला. पुढे कीलहॉर्न यांनी तो 'एपिग्राफिया इंडिका'च्या पहिल्याच खंडात नीट संपादून छापला. या लेखात एका घराण्याची नऊ पिढ्यांची वंशावळ आहे. त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर. आणि महेश्वराचा मुलगा भास्कर.

हो, तेच. लीलावतीवाले भास्कराचार्य. जन्म शके १०३६, म्हणजे १११४. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' लिहिला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. त्यांच्या बीजगणितात एक उदाहरण आहे. अशी पूर्ण संख्या शोधा की तिच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला तर येणारं उत्तरही पूर्ण वर्ग असेल. ऐकायला किती सोपं! सर्वांत लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८०. कुणी लूप लावून एकेक संख्या तपासायला बसला तर साडेबावीस कोटी फेऱ्या होतील. भास्कराचार्य चक्रवाल पद्धतीने मोजक्या पायऱ्यांत, हाताने, तिथे पोहोचतात. हेच कोडं फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६५७ मध्ये युरोपातल्या गणितज्ञांना आव्हान म्हणून घातलं होतं. म्हणजे पाचशे वर्षांनी.

पण मला जास्त गुंतवून ठेवलं ते वंशावळीतल्या पुढच्या दोन नावांनी. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर आणि लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव. (हे वाघावर बसून आलेले चांगदेव नव्हेत बरं का. ते वेगळे, त्यांचं देऊळ आमच्याच जिल्ह्यात मुक्ताईनगरजवळ, तापी-पूर्णेच्या संगमावर आहे.)

लक्ष्मीधराबद्दल शिलालेखात एक श्लोक आहे. त्याचा अर्थ असा, की हा सर्व शास्त्रांत निपुण आहे हे ओळखून यादव राजा जैत्रपाल त्याला या गावातून घेऊन गेला आणि त्याने त्याला पंडितांचा प्रमुख केलं.

'या गावातून घेऊन गेला.' हे शब्द वाचले आणि मी थांबलो. आमच्या बॅचमधल्या प्रत्येकाची गोष्ट हीच की! हुशार निघाला, कुणीतरी हेरला, घाट चढून राजधानीला गेला, मोठं पद मिळालं. आम्ही याला कॅम्पस म्हणतो एवढंच. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव पुढे सिंघण यादवाच्या दरबारात मुख्य ज्योतिषी झाला. दुसऱ्या पिढीचा राजधानीकर. त्याचं गावाशी काय राहिलं असेल? नवसापुरतं येणं-जाणं?

तर नाही. चांगदेवाने पाटणमध्ये मठ काढला. आजोबांचा सिद्धांतशिरोमणी, त्यांचे इतर ग्रंथ आणि घराण्यातल्या बाकीच्यांचे ग्रंथ शिकवले जावेत, यासाठी. त्या मठाला निकुंभ सोइदेवाने आणि त्याच्या धाकट्या भावाने जमीन आणि उत्पन्न लावून दिलं. त्या दानाची नोंद म्हणजे हा शिलालेख.

यातली तारीख म्हणजे आपल्या धंद्यातल्या लोकांसाठी मेजवानी आहे. लेखात शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावण पौर्णिमा, चंद्रग्रहण असं दिलंय. ११२८ मध्ये ७८ मिळवले की १२०६ येतात. पण संवत्सर तपासून पाहा. १९८७-८८ चं संवत्सर प्रभव होतं. तिथून साठसाठ वर्षांच्या तेरा उड्या मागे मारल्या की येतं १२०७. एकाने फरक! म्हणून काही पुस्तकांत १२०६ दिसतं, काहींत १२०७. कीलहॉर्न यांनी ९ ऑगस्ट १२०७ धरली, कारण त्या दिवशी श्रावण पौर्णिमाही आहे आणि चंद्रग्रहणही. मी नानांना हे हिशेब करून दाखवलं तर म्हणाले, "म्हणजे खुद्द भास्कराचार्यांच्या घरच्या दगडावर हातचा राहिला?" आणि मनापासून हसले. तीस वर्षं वह्या तपासलेला माणूस. त्यांना फार बरं वाटलं असणार :)

आता चढाई. देवळापासून कण्हेरगडाची वाट झाडीतून निघते. वाटेत डोंगराच्या पोटात कोरलेलं नागार्जुन लेणं लागतं. लेणं जैन आहे, आत तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत. नाना इथपर्यंत आले. ओट्यावर बसले, घाम पुसला आणि म्हणाले, "तू जा वर. मी इथे आहे." गुराखी काका होते तिथे, त्यांनी अहिराणीत विचारलं, "वर काय शे भो? दगडंच शेतस." नानांनी त्यांना काय उत्तर दिलं ते ऐकायला मी थांबलो नाही.

लेण्याच्या वर झाडी संपते, गवत सुरू होतं आणि डोंगराची धार लागते. ट्रेक म्हणून विचाराल तर छोटासाच. तासाभराचं काम. एकदोन ठिकाणी कातळाला हात टेकवावे लागतात, पावसाळ्यात जरा जपून. माथ्यावर कातळात कोरलेली पाण्याची टाकी आहेत, तटाचे थोडेफार अवशेष आहेत. पण त्या धारेवरून जे दिसतं ना, त्याला तोड नाही.

उत्तरेला खानदेश. नजर पोहोचेल तिथवर सपाट, कापूस आणि मक्याच्या हिरव्या चौकटी, मधूनच एखादं गाव, आणि पार टोकाला धुरकट निळसर रेघ. दक्षिणेला एकदम उलट. सरळ तुटलेले कडे, त्यांच्यावर पठार, दऱ्यांतून कोसळणारं पाणी आणि सगळीकडे जंगल. एका बाजूला मैदान, एका बाजूला भिंत आणि आपण मधल्या पट्टीवर उभे. पायाखाली, झाडीत, देवीच्या देवळाचा कळस.

त्या पठारावरच पितळखोऱ्याची लेणी आहेत, इसवी सनापूर्वीची. तिथल्या खांबांवर देणगीदारांची नावं आहेत. पैठणचा एक अत्तर-सुगंधी द्रव्यं विकणारा मितदेव, मागिल नावाचा एक राजवैद्य. म्हणजे ज्या घाटवाटांनी पैठणचा माल खानदेशात उतरायचा, त्याच वाटांवर व्यापाऱ्यांनी खिशातले पैसे घालून लेणी कोरवली. चांगदेवाच्या मठाच्या हजाराहून जास्त वर्षं आधी.

आणि त्या भिंतीच्या पलीकडे, आग्नेयेला, देवगिरी. इथून दिसत नाही. पण लक्ष्मीधर गेला तो याच भिंतीपलीकडे. मी धारेवर बसलो, डबा उघडला (कळण्याची भाकरी आणि ठेचा, आईने दिलेला) आणि फोनमध्ये साठवलेला शिलालेखाचा पाठ काढला. कारण त्याचा शेवटचा भाग मला वरच वाचायचा होता.

शिलालेखातले श्लोक संस्कृतात आहेत. राजांची स्तुती, पंडितांची स्तुती, सगळं भारी. पण शेवटी जिथे पैशाचा विषय येतो, तिथे लेख सरळ मराठीत उतरतो! ज्ञानेश्वरी लिहिली गेली १२९० मध्ये. ही मराठी तिच्याही त्र्याऐंशी वर्षं आधीची. आणि तरी घाणा, पळी, तेल, पोफळं, माप, बैल हे शब्द तुम्हाआम्हाला कोशाशिवाय कळतात.

काय लिहिलंय त्यात? पाटणच्या बाजारात जो माल उघडला जाईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला जे मिळायचं ते राजाने मठाला दिलं. विकणाऱ्याकडून ब्राह्मणांना जो हिस्सा मिळायचा तो ब्राह्मणांनी दिला. आणखी एक छोटा हिस्सा नगराने दिला. राजाने नव्हे, 'नगराने'. म्हणजे गावाने मिळून. गिऱ्हाइकाकडून पाच पोफळं. गावात जेवढे तेलाचे घाणे चालतील त्या प्रत्येकामागे एकेक पळी तेल. जे काही मोजायचं ते मठाच्या मापाने मोजायचं आणि मोजणावळ अर्धी मठाला, अर्धी मापाऱ्याला.

वाचून गंमत वाटली आणि मग जरा वेळ काहीच सुचेना.

सिद्धांतशिरोमणी टिकला तो भास्कराचार्य थोर होते म्हणून, असं आपल्याला वाटतं. थोर होतेच. पण थोर पुस्तक आपोआप टिकत नाही. ते कुणीतरी शिकवावं लागतं, कुणीतरी उतरवून घ्यावं लागतं, आणि शिकवणाऱ्याच्या घरी संध्याकाळी दिवा लागावा लागतो. त्या दिव्याचं तेल पाटणच्या तेल्यांच्या घाण्यांतून यायचं, पळी पळीने. चक्रवाल म्हणजे काय हे त्या तेल्याला कळत असेल? शक्यच नाही. सुपारी घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला तरी कुठे? पण गावात गणिताचा मठ आहे आणि तो चालला पाहिजे, हे त्यांनी, आनंदाने की नाइलाजाने कोण जाणे, आपल्या व्यवहारात घालून घेतलं होतं. आपल्याकडे सगळ्यांना प्रोजेक्ट सुरू करायचा असतो, मेंटेनन्सला कुणी जात नाही. या लोकांनी मेंटेनन्सचं बजेट दगडावर कोरून ठेवलं.

आणि हे एकट्या चांगदेवाचं वेड नव्हतं. इथून ईशान्येला, चाळीसगाव तालुक्यातच, गिरणेकाठी बहाळ नावाचं गाव आहे. तिथल्या शके ११४४ च्या (इ.स. १२२२) शिलालेखात भास्कराचार्यांचा भाऊ श्रीपती याचा नातू अनंतदेव भेटतो. तोही सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता आणि त्याने बहाळला देवीचं देऊळ बांधलं. म्हणजे एकाच घरातली दोन मुलं घाटावर मोठ्या नोकरीला आणि दोघांचंही काही ना काही खाली, खानदेशात, उभं राहिलेलं.

मठ आज नाही. ते पाटणही नाही, जंगल आहे. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन देवगिरीवर आला आणि पुढच्या वीसबावीस वर्षांत यादवांचं राज्य संपलं. पण तोवर पुस्तकं पोहोचायची तिथे पोहोचली होती. १५४५ मध्ये कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी लीलावतीवर टीका लिहिली. १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातल्या फैजीने लीलावती फारसीत नेली. भास्कराचार्यांच्या मुलीची ती घटिकापात्रात मोती पडल्याची गोष्ट आपल्यापर्यंत आली ती त्याच्याच प्रस्तावनेतून. गंमत म्हणजे हाच फैजी चार वर्षांनी, १५९१ मध्ये, अकबराचा वकील म्हणून खानदेशच्या राजा अलीखानाकडे बऱ्हाणपूरला आला होता. पुढे १८१६ मध्ये जॉन टेलरचं इंग्रजी भाषांतर मुंबईत छापलं गेलं आणि लगेच पुढच्या वर्षी कोलब्रुकचं. साखळी तुटली नाही.

खाली आलो तेव्हा नाना लेण्याच्या ओट्यावर गुराखी काकांना काहीतरी समजावत होते. दगडाने जमिनीवर आकडे काढलेले. ६१ चं गणित! मी सकाळी सांगितलेलं. काका मान डोलवत होते, त्यांची दोन बकरी केव्हाच खाली गेली होती.

मी नानांना तेल्याची पळी आणि पाच पोफळं सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "शाळेच्या वाचनालयाचं मी तुला मागे बोललो होतो."

बोलले होते. दोन वर्षांपूर्वी. शाळेतल्या गणिताच्या पुस्तकांच्या कपाटाला वर्षाला थोडे पैसे लागतात, नवी पुस्तकं, बांधणी, एखादं मासिक. आधी नाना स्वतःच्या पेन्शनमधून बघायचे. मी म्हटलं होतं, "एकदम मोठं काहीतरी करू नाना, बोनस होऊ दे." मग घराचे हप्ते आले, गाडी आली. मोठं काहीतरी राहिलंच, आणि लहानही झालं नाही.

"किती लागतील?" मी विचारलं.

"मोठं नको," नाना म्हणाले. "दर महिन्याला येऊ दे. थोडं चालेल. पण न चुकता."

परतीच्या वाटेवर घाट चढताना मी बायकोला फोन करून सांगितलं. रविवारी रात्री पुण्यात पोहोचल्यावर आधी बँकेच्या साइटवर दर महिन्याच्या पाच तारखेची सूचना टाकली. रक्कम सांगत नाही, लाज वाटेल इतकी लहान आहे. विकेंडच्या एका हॉटेलच्या बिलाएवढी. नाव द्यायच्या रकान्यात मी 'पाच पोफळं' लिहिलं.

जाणाऱ्यांसाठी: चाळीसगाव हे मुंबई-भुसावळ मार्गावरचं जंक्शन, धुळ्याची गाडीही इथूनच सुटते. तिथून पाटणादेवीला गाडीने अर्धापाऊण तास. ऑगस्ट ते नोव्हेंबर उत्तम. अभयारण्य आहे, बिबट्याचा वावर आहे, म्हणून सूर्य मावळायच्या आत खाली या आणि प्लास्टिक परत न्या. देवीच्या देवळात गेलात तर शिलालेखासमोर दोन मिनिटं थांबा. अक्षरं लागली नाहीत तरी चालेल. आणि तुमच्या गावात "काय आहे बघण्यासारखं?" असं कुणी विचारलं, तर उत्तर द्यायच्या आधी एकदा जाऊन बघून या. मी पंधरा वर्षं चुकीचं उत्तर देत होतो.